हार्ड डिस्कही चोरीला गेली

१० फेब्रुवारी २०२३. उत्तर चेन्नईतल्या पेरंबूर भागात पेपर मिल्स रोडवरच्या एका सराफी दुकानाचे शटर सकाळी कापलेल्या अवस्थेत सापडले. चोरांनी रात्री गॅस कटर चालवून आत प्रवेश केला होता आणि सुमारे नऊ किलो सोन्याचे दागिने लांबवले होते. दुकानात सीसीटीव्ही होता. पण जाताना चोरांनी रेकॉर्डिंगची हार्ड डिस्कही काढून नेली. आपल्याच दुकानात रात्री काय घडले, हे मालकाला दाखवणारे एकही चित्र मागे उरले नाही. पोलिसांना धागा मिळाला तो आसपासच्या रस्त्यांवरच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांतून. त्यात दिसलेल्या गाडीचा माग काढत तपास कर्नाटकापर्यंत गेला.

व्यवसायासाठी कॅमेरे घेताना नेमके काय विकत घ्यायचे, याचा धडा या एका घटनेत आहे. दुकानदार सहसा कॅमेरे मोजतो: चार की आठ, दोन मेगापिक्सेल की पाच. त्याला खरी गरज असते ती पुराव्याची. काही घडल्यावर उपयोगी पडेल असे चित्र हवे, ते जागेवर शिल्लक राहायला हवे आणि पोलीस ठाण्यात व न्यायालयात उभे राहायला हवे. या तीनपैकी एक कडी तुटली तरी उरलेला खर्च वाया जातो. चेन्नईत यांतल्या कड्या अनेकदा तुटलेल्या आहेत, म्हणून हा विषय समजून घ्यायला हे शहर चांगली जागा आहे.

अडीच लाखांहून अधिक डोळे

२३ जानेवारी २०१२ रोजी चेन्नईच्या पेरुंगुडी भागात आणि २० फेब्रुवारीला कीळकट्टलै भागात भरदिवसा बँकांवर दरोडे पडले. दोन्ही शाखांमध्ये सीसीटीव्ही नव्हता. पोलिसांनी मग शहरातल्या इतर बँकांचे चित्रण चाळले. ग्राहक म्हणून येऊन शाखेची पाहणी करून गेलेला एक माणूस त्यात सापडला आणि त्याचे चित्र जाहीर झाले. २३ फेब्रुवारीच्या पहाटे वेलचेरीत पोलिसांच्या गोळीबारात पाच संशयित मारले गेले. त्या चकमकीवर तेव्हा बरेच प्रश्न उपस्थित झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस तमिळनाडू सरकारने सार्वजनिक वापराच्या इमारतींत सीसीटीव्ही बंधनकारक करणारे नियम आणले.

तरीही चार वर्षांनी, २४ जून २०१६ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास नुंगम्बाक्कम रेल्वे स्थानकाच्या फलाटावर एका तरुण संगणक अभियंता मुलीची हत्या झाली, तेव्हा स्थानकात एकही कॅमेरा नव्हता. संशयिताचे अस्पष्ट चित्र मिळाले ते जवळच्या वस्तीतल्या खासगी कॅमेऱ्यांतून. मद्रास उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. शहर हादरले होते.

पुढच्या वर्षी पोलीस आयुक्त झालेल्या ए. के. विश्वनाथन यांनी ‘तिसरा डोळा’ ही मोहीम राबवली. पोलिसांनी दुकानदारांना, गृहसंकुलांना आणि व्यापारी संघटनांना गाठले आणि स्वखर्चाने एक तरी कॅमेरा रस्त्याकडे वळवून लावा, अशी विनंती केली. लोकांनी ती मनावर घेतली. सर्फशार्क या कंपनीने काही वर्षांनी जगातल्या शहरांची तुलना केली, तेव्हा चौरस किलोमीटरमागे ६५७ कॅमेऱ्यांसह चेन्नई पहिल्या क्रमांकावर होते आणि लंडन ३९९ वर. ४२६ चौरस किलोमीटरच्या या महानगरात सुमारे २ लाख ८० हजार कॅमेरे असा तो हिशेब होता. त्यातले बहुसंख्य कॅमेरे सामान्य व्यावसायिकांच्या आणि रहिवाशांच्या पैशांतून लागलेले होते.

पेरंबूरची चोरी या सगळ्यानंतरची आहे.

आधी प्रश्न, मग कॅमेरा

चेन्नईत कॅमेऱ्यांची खरेदी बहुधा माउंट रोडलगतच्या रिची स्ट्रीटवर होते. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या या दाट बाजारात बुलेट आणि डोम कॅमेरे, डीव्हीआर व एनव्हीआर हे रेकॉर्डर, थ्री प्लस वन केबलची बंडले, कॅमेऱ्यांना वीज पुरवणारे एसएमपीएस असे सारे एका हाताच्या अंतरावर मिळते. सौकारपेठेतल्या व्यापाऱ्यालाही तो बाजार जवळच आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर पांगलेली गलाई मंडळी तमिळनाडूतही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अशाच एखाद्या गलाईच्या दुकानाची कल्पना करू: अरुंद गाळा, पुढे काउंटर, मागे भट्टी आणि काटा, कोपऱ्यात तिजोरी.

या मालकाने बाजारात जाण्याआधी कागदावर प्रश्न लिहायला हवेत. दारातून आत आलेल्या प्रत्येकाचा चेहरा ओळखू यायला हवा का? काट्यावर ठेवलेल्या मालाचे वजन किती दाखवले गेले, ते वाचता यायला हवे का? भट्टीजवळ कोण होते एवढे कळले तरी पुरेल का? रस्त्यावर थांबलेल्या दुचाकीचा नंबर हवा का? प्रत्येक प्रश्नाला वेगळे भिंग, वेगळी उंची आणि वेगळा कोन लागतो. एकाच कॅमेऱ्याकडून सगळी उत्तरे मागितली, की एकही धड मिळत नाही.

यासाठी एक आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. दृश्यातल्या एक मीटर रुंदीत किती पिक्सेल पडतात, ते मोजायचे. मीटरला २५ पिक्सेल असतील, तर तिथे माणूस आहे एवढे कळते. १२५ असतील, तर ओळखीचा माणूस ओळखता येतो. अनोळखी माणसाची ओळख निःशंकपणे पटवायची असेल, तर २५० पिक्सेल लागतात.

आता हिशेब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र १,९२० पिक्सेल रुंद असते. त्याला २५० ने भागले, तर ७.६८ मीटर येतात. म्हणजे दृश्य त्याहून रुंद झाले, की चेहऱ्याची खात्री संपली. बाजारात सर्रास मिळणारे २.८ मिलिमीटरचे भिंग फार रुंद बघते. त्याच्यासमोर माणूस तीन मीटरपलीकडे गेला, की दृश्याची रुंदी ही मर्यादा ओलांडते. सहा मिलिमीटरचे भिंग अरुंद बघते, पण सात-साडेसात मीटरपर्यंत चेहरा पकडते. विक्रेता ‘तीस मीटर’ म्हणतो, ते बहुतेक वेळा अंधारातल्या इन्फ्रारेड दिव्याच्या पल्ल्याविषयी असते. तीस मीटरवरचा माणूस त्या रुंद भिंगात जेमतेम ‘कुणीतरी आहे’ एवढाच दिसतो.

म्हणून दारासाठी अरुंद भिंगाचा एक कॅमेरा राखून ठेवावा आणि तो माणसाच्या डोळ्यांच्या पातळीपासून फार वर नसावा. छताला टांगलेल्या कॅमेऱ्यात टोपी आणि भांग उत्तम येतात, चेहरा येत नाही. उरलेल्या गाळ्यावर नजर ठेवायला रुंद भिंग चालते.

ऊन, खारा वारा आणि पाऊस

जागा पाहिल्याशिवाय दिलेले कोटेशन घेऊ नये. चेन्नईत दुपारचे ऊन दुकानाच्या दारातून थेट कॅमेऱ्यावर येते आणि आत येणारा माणूस काळी सावली होऊन जातो. अशा दारासाठी डब्ल्यूडीआर, म्हणजे प्रखर उजेड आणि अंधार दोन्ही एकाच चित्रात सांभाळण्याची सोय असलेला कॅमेरा लागतो. रात्री उलटे होते. इन्फ्रारेड दिव्याच्या फार जवळ आलेला चेहरा पांढराफटक पडतो. त्यामुळे रात्रीचे चित्र रात्रीच तपासावे.

समुद्राजवळच्या दुकानांना खाऱ्या वाऱ्याचा त्रास होतो. साध्या लोखंडी पट्ट्या आणि स्क्रू गंजतात, जोडांत ओल शिरते. बाहेरच्या कॅमेऱ्याला धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा आयपी ६६ किंवा ६७ दर्जा असावा आणि केबलचे जोड बंद डबीत असावेत. कॅमेरा चांगला आणि जोड उघडा, ही नेहमीची तक्रार आहे.

डीव्हीआर घ्यायचा की एनव्हीआर, हा प्रश्नही जागेवरच सुटतो. जुनी केबल भिंतीत असलेल्या लहान दुकानाला डीव्हीआर पुरतो आणि स्वस्त पडतो. नवे बांधकाम किंवा अनेक मजल्यांचे गोदाम असेल, तर नेटवर्क कॅमेरे आणि एनव्हीआर बरे. एकाच नेटवर्क केबलमधून चित्र आणि वीज दोन्ही जातात. मात्र त्या केबलची मर्यादा १०० मीटरची आहे. पलीकडे जायचे तर मध्ये स्विच हवा.

साठवण म्हणजे स्मरणशक्ती

जून २०२० मध्ये थूत्तुकुडी जिल्ह्यातल्या सात्तानकुळम पोलीस ठाण्यात कोठडीतल्या छळानंतर मोबाइल दुकान चालवणाऱ्या बापलेकांचा मृत्यू झाला. चौकशीला गेलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी उच्च न्यायालयाला कळवले, की ठाण्यातल्या यंत्रणेत एक टेराबाइट जागा असूनही चित्रण रोज आपोआप पुसले जाईल अशी रचना केलेली होती. कॅमेरे चालू होते, पण छळाच्या रात्रीची आठवण यंत्रात उरली नव्हती. त्याच वर्षी २ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या पोलीस ठाण्यांतले चित्रण अठरा महिने, तेवढी सोय नसेल तर किमान एक वर्ष, जपण्याचा आदेश दिला.

दुकानदाराने किती दिवसांचे चित्रण जपायचे? स्वतःचा व्यवहार पाहून ठरवावे. साठ्याची मोजदाद महिन्यातून एकदा होत असेल, तर तूट महिन्याअखेरीलाच कळते. मग पंधरा दिवसांचे रेकॉर्डिंग काय कामाचे? बँकांच्या लॉकर कक्षांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये किमान १८० दिवसांची मुदत घातली, कारण लॉकर उघडला जातोच मुळी क्वचित.

याचेही गणित हाताने करता येते. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट माहिती पाठवत असेल, तर दिवसाला २१.६ गिगाबाइट होतात. आठ कॅमेऱ्यांचे जवळपास १७३ गिगाबाइट. तीस दिवसांसाठी पाच टेराबाइटहून अधिक. याच आठ कॅमेऱ्यांना एक टेराबाइटची डिस्क जोडून दिली, तर सहावा दिवस पुरा होण्याआधी पहिला दिवस पुसला जातो. ‘हालचाल झाली तरच रेकॉर्ड’ ही सोय जागा वाचवते, पण ती कशावर जागी होते आणि कशावर नाही, हे तपासूनच तिच्यावर विसंबावे. डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली, म्हणजे पाळत यंत्रणेसाठीचीच घ्यावी.

आणि पेरंबूर आठवून रेकॉर्डरची पेटी काउंटरखाली ठेवू नये. गाळ्यात सहज न सापडणाऱ्या जागी, भिंतीला जखडलेल्या कुलूपबंद लोखंडी कपाटात ती असावी. हवा खेळायला जाळी मात्र हवी. दार आणि तिजोरीसमोरच्या दोन कॅमेऱ्यांची दुसरी प्रत दुकानाबाहेर, घरी किंवा क्लाउडवर, जात राहावी. आठही कॅमेरे सतत बाहेर पाठवायला सेकंदाला १६ मेगाबिटची अपलोड गती लागेल. दोन कॅमेऱ्यांना चार पुरतात.

चेन्नईकराला आणखी एक भान ठेवावे लागते. डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ चे मिचाँग चक्रीवादळ, दोन्ही वेळी पाणी दुकानांत आणि कारखान्यांत शिरले. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या लघुउद्योजकांनी २०२३ मध्ये यंत्रे पाण्यात पाहिली. डिसेंबर २०१६ च्या वरदा वादळानंतर कित्येक भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती. रेकॉर्डर जमिनीपासून उंच हवा आणि त्याला, कॅमेऱ्यांना व इंटरनेटच्या राउटरला एकाच यूपीएसचा आधार हवा. रेकॉर्डर चालू आणि कॅमेऱ्यांचा एसएमपीएस बंद, अशी अर्धी सोय अनेक ठिकाणी आढळते.

बघणारे कुणी आहे का?

२ ऑक्टोबर २०१९ रोजी पहाटे तिरुचिरापल्लीत एका मोठ्या दागिन्यांच्या दालनाच्या भिंतीला भोक पाडून चोर आत शिरले. तोंडावर प्राण्यांचे मुखवटे होते. मागे मिरचीपूड उधळलेली होती. सुमारे १३ कोटी रुपयांचे दागिने गेले. कॅमेऱ्यांनी सारे टिपले, मुखवट्यांसकट. चोरी कळली ती सकाळी.

नोव्हेंबर २०१७ मध्ये चेन्नईतल्या कोळत्तूर भागात चोरांनी सराफी दुकानाच्या वरचा गाळा रीतसर भाड्याने घेतला आणि छताला भोक पाडून खाली उतरले. त्या टोळीचा पाठलाग करत राजस्थानात गेलेले पोलीस निरीक्षक पेरियापांडियन यांना तिथल्या कारवाईत प्राण गमवावे लागले.

दोन्ही ठिकाणी चोर दारातून आले नाहीत. कॅमेरा घडलेले लिहून ठेवतो, थांबवत नाही. थांबवायचे असेल तर जोडीला कंपन ओळखणारा सेन्सर, हालचालीवर वाजणारा भोंगा आणि रात्री तो ऐकून फोन करणारे माणूस लागते. मागची भिंत, छत आणि शेजारचा रिकामा गाळा यांचा विचार कॅमेऱ्यांच्या नकाशातच झाला पाहिजे.

पासवर्ड नावाचे उघडे दार

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. हल्ला झाला तो लाखभर बळकावलेल्या घरगुती उपकरणांतून, ज्यांत सीसीटीव्ही कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने होते. ‘मिराई’ या घातक प्रणालीने ती कशी काबीज केली? कारखान्यातून येणारे साठेक ठरावीक पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले, एवढेच.

आपल्याकडे २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटमधल्या एका प्रसूती रुग्णालयाच्या तपासणी कक्षातले चित्रण समाजमाध्यमांवर विकले जात असल्याचे उघड झाले. तिथला पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’ आणि ‘१२३’ यांची जोडी होता, असे तपासाच्या बातम्यांत आले. ज्या स्त्रियांची अब्रू त्यामुळे बाजारात मांडली गेली, त्यांचे नुकसान कोणत्याही भरपाईने भरून येणारे नाही.

केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी अधिसूचित केल्या आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. उपकरणाची सरकारमान्य प्रयोगशाळेत चाचणी होऊन प्रमाणपत्र मिळाले पाहिजे. ग्राहकाने मॉडेलचा क्रमांक घालून ते प्रमाणपत्र मागावे. पहिल्याच दिवशी पासवर्ड बदलावा. बसवून देणाऱ्याकडे मालकाच्या नावाने वापरता येईल असे खाते राहू देऊ नये. मोबाइलवर चित्र पाहणाऱ्या नोकरदाराने काम सोडले, की त्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा.

कॅमेरा कुठे नको, हेही ठरवायचे असते. गोव्यात कांदोळीच्या एका कापड दुकानात एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांना कपडे बदलण्याच्या खोलीकडे रोखलेला कॅमेरा दिसला आणि प्रकरण पोलिसांत गेले. कॅमेरा दुकानाच्या दालनातला आहे, असे दुकानाचे म्हणणे होते. इंचभर चुकलेला कोन दुकानाला आरोपीच्या पिंजऱ्यात नेऊ शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई कलमानुसार खासगी अवयवांचे संमतीविना चित्रण करणे किंवा ते पसरवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची जागा आणि तपासणीची खोली इथे कॅमेरा नसावा. इतरत्र ‘आपण कॅमेऱ्याच्या निगराणीत आहात’ ही पाटी तमिळ, इंग्रजी आणि कामगारांच्या भाषेत ठळक असावी.

जालन्याचे घड्याळ

चित्रण न्यायालयात कसे टिकते, हे ठरवणारा निकाल महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता, की खोतकरांचा अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. सारा वाद घड्याळाच्या काट्यावर होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने स्पष्ट केले: मूळ उपकरण हजर करा, नाहीतर प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र द्या.

१ जुलै २०२४ पासून हीच अट भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात आहे. प्रमाणपत्राचा एक भाग चित्रण देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिचा अंकी ठसा नोंदवावा लागतो. फाइलमधला एक बिंदू बदलला तरी तो ठसा बदलतो.

यातून दुकानदारासाठी तीन साध्या गोष्टी निघतात. रेकॉर्डरचे घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळत राहावे. घटना घडल्याबरोबर ते चित्रण वेगळे काढून जपावे, म्हणजे त्यावर नवे लिहिले जाणार नाही. मोबाइलने पडद्याचा व्हिडिओ काढून तो पोलिसांना पाठवला, की काम झाले असे समजू नये. मूळ फाइल यंत्रातूनच उतरवावी.

कोटेशन हातात आल्यावर त्यात हे सारे लिहून घ्यावे: प्रत्येक कॅमेऱ्याचा उद्देश आणि भिंग, किती दिवसांचे रेकॉर्डिंग, किती मिनिटांचा यूपीएस, प्रमाणपत्राचा क्रमांक, आणि बिघाड झाल्यास किती तासांत माणूस येणार. वार्षिक देखभालीच्या करारात काच पुसणे आणि रेकॉर्डिंग चालवून पाहणे हे शब्द असावेत. स्वस्त कोटेशनमधून बहुधा याच ओळी गळालेल्या असतात.

ज्यांच्याकडे यंत्रणा आधीच बसलेली आहे, त्यांनी आज रात्री एक करावे. दुकान बंद करताना एखाद्या सहकाऱ्याला दारात, काउंटरसमोर आणि तिजोरीजवळ दहा-दहा सेकंद उभे करावे. उद्या सकाळी ते चित्रण शोधून काढावे आणि त्याला न ओळखणाऱ्या माणसाला दाखवावे. चेहरा ओळखता येतो का, वेळ बरोबर आहे का, फाइल पेनड्राइव्हवर उतरते का, हे पाहावे. मग महिन्यापूर्वीचा एक दिवस उघडून बघावा. यातले जे जमणार नाही, त्याचीच दुरुस्ती पुढच्या खर्चात पहिली असावी.